प्लॉट विकण्याआधी फीचा हिशेब मांड

बाळा,

तुझ्या इंजिनिअरिंगसाठी वडील उचगावचा प्लॉट काढायचं म्हणतायत, हे कानावर आलं आणि राहवलं नाही. प्लॉटचा विषय जरा बाजूला राहू दे. आधी वही घे.

कॉलेजच्या फीच्या कागदावर खालची बेरीज बघू नकोस, वरच्या ओळी बघ. ट्यूशन फी वेगळी, डेव्हलपमेंट फी वेगळी. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क योजनेत तुझ्यासारख्या ओपनच्या मुलाला ट्यूशन आणि परीक्षा फीची निम्मी सूट मिळते. डेव्हलपमेंट फी पूर्ण भरावी लागते. समज, एकूण फी १,४०,००० आणि त्यात ट्यूशन १,२०,०००. म्हणजे सूट ६०,००० ची, घरातून जाणार ८०,०००. बरेच जण एकूण फीच निम्मी करतात आणि ऐन ॲडमिशनला दहा हजार कुठून आणायचे म्हणून धावतात. तुझ्या बहिणीची वेळ येईल तेव्हा गणित बदलेल. २०२४-२५ पासून मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण डेव्हलपमेंट फी, मेस, प्रवास आहेच.

आता खरी मेख. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि त्यात आईवडील दोघांचं धरतात. वडिलांचा पगार साडेसात लाख आणि आईच्या शिवणकामाचे साठ हजार, की झाले ८ लाख १० हजार. मग पाव-अर्धी नाही, सगळीच सूट जाते. आपल्यासारखी मधली घरं इथंच अडकतात, आणि मला ते मनापासून टोचतं. तरीही आईची कमाई लपवू नका. खोट्या दाखल्यावर शिक्षण उभं करायचं नाही.

मर्यादेत बसलात तर कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घे, मॅनेजमेंट कोट्याला ही सूट नाही. पसंतीक्रम भरताना टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या राखीव जागांचे कोडही टाक. त्यात ट्यूशन फी पूर्ण माफ असते. कटऑफ चढा असतो आणि पुढं कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, म्हणून मनापासून हवी तीच ब्रँच लिही.

नाहीच बसलात तरी साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. प्लॉटला हात लावायची गरज नाही.

निम्म्या फीच्या सवलतीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असतो, तो दरवर्षी रिन्यू करायचा असतो, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज याच आठवड्यात टाका. निकालानंतर सगळं कोल्हापूर त्याच खिडकीवर उभं असतं.

तुझे सर