श्वास आणि शटर

प्रश्न : गेल्या वर्षी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले, तेव्हापासून रोज सकाळी आनापान, म्हणजे येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहण्याचे ध्यान, करतो. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन कास पठारावर जाण्याची सवय त्याआधीची आहे. पण तिथे पोहोचताच मन फोटोंमागे धावू लागते आणि सकाळची शांतता पार विस्कटते. ध्यान आणि निसर्ग-छायाचित्रण यांची सांगड घालता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांगड जरूर घालता येईल, मात्र बैठकीची भरपाई फोटोंनी होईल असे मानू नये. आनापानात जे आहे ते नुसते पाहायचे असते. कॅमेरा हाती आला की काहीतरी मिळवायचे असते. आपली शांतता मोडते ती या मिळवण्याच्या घाईने, आणि ही घाई ओळखायला कासचे दवबिंदूचे रोप फार चांगले.

पावसाळा सरत आला की कातळावरच्या पातळ, ओलसर मातीत हे कीटकभक्षी रोप दिसते. त्याच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. मॅक्रो भिंगाने अगदी जवळून पाहताना, भिंगाचे छिद्र बरेच लहान (एफ-८) ठेवले तरी, जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो. श्वासाबरोबर शरीर किंचित हलले तरी थेंब धूसर होतो. अशा वेळी पुष्कळ छायाचित्रकार श्वास रोखून धरतात. आपण तो रोखू नये, कारण नैसर्गिक श्वासात ढवळाढवळ न करणे हाच आनापानाचा गाभा आहे. श्वास बाहेर पडून संपला की पुढचा आत येण्याआधी तो आपणहून क्षणभर थांबतो. शटर तेव्हा दाबावे. तेवढ्यात वाऱ्याने रोप हलले, तर पुन्हा थांबावे. या थांबण्यात ‘आत्ताच मिळायला हवा’ ही ओढ खांद्यांत आणि बोटांत ताण होऊन स्पष्ट जाणवते. तो ताण तटस्थपणे पाहणे ही शिबिरात शिकलेलीच गोष्ट आहे, आणि फोटो हुकला तरी ती साधते.

एक कळकळीची विनंती. चांगल्या कोनासाठी फुलांवर आडवे पडू नये. पायवाटेच्या कडेवरून जे दिसेल तेवढेच टिपावे. तिथे पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतच असू द्यावा. प्रत्येक फोटो टिपताच तो पडद्यावर आपोआप दिसण्याची कॅमेऱ्यातील सोयही बंद ठेवावी आणि फोटो घरी आल्यावरच पाहावेत.