‘ट्रॅक्शन इंजिन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. इंग्लंडमधील खेड्याच्या एका गोष्टीत ‘ट्रॅक्शन इंजिन’ मळणीयंत्र घेऊन शेतावर येते. अनुवादकाने पहिल्या खर्ड्यात ‘आगगाडीचे इंजिन’ असे लिहिले. पण शेतात रूळ कुठून आले, अशी शंका त्याला रास्तपणे आली. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि मराठीत काय लिहावे?

‘ट्रॅक्शन’ हा शब्द मराठी घरांत बहुधा इस्पितळातून आलेला असतो. पाय मोडल्यावर वजन लावून तो ताणून धरतात, त्याला आपण ‘ट्रॅक्शन लावले’ म्हणतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थच ‘ओढणे’ असा आहे. ट्रॅक्शन इंजिन म्हणजे साध्या रस्त्यावरून स्वतः चालणारे आणि मागे जोडलेले अवजड ओझे ओढणारे वाफेचे इंजिन. येथे ‘इंजिन’ हा शब्द बाष्पक (बॉयलर), चाके आणि चालकाची जागा यांसह सबंध वाहनाला उद्देशून आहे. आगगाडीच्या संदर्भात आपणही तो असाच वापरतो, म्हणून मराठी वाचकाला तो खटकणार नाही.

ओढण्यावर एवढा भर का, हे त्या यंत्राच्या जन्मकथेवरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये मळणीसाठी चाकांवर बसवलेली वाफेची इंजिने होती. पण त्यांची चाके वाफेने फिरत नसत, त्यामुळे एवढे सामर्थ्यवान यंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला घोडे जुंपावे लागत. केंट परगण्यातील रॉचेस्टर येथील टॉमस अ‍ॅव्हलिंग याने १८५९ मध्ये अशाच एका इंजिनाच्या मुख्य दंडापासून मागील आसापर्यंत साखळी चढवली आणि ते आपल्या बळावर चालू लागले. पुढे हेच इंजिन मळणीयंत्र ओढून शेतावर नेऊ लागले आणि तेथे पोचल्यावर जागेवर उभे राहून, आपल्या ‘फ्लायव्हील’ नावाच्या जड चाकावरून पट्टा चढवून, तेच मळणीयंत्र फिरवूही लागले. अनुवादकाच्या गोष्टीतले इंजिन बहुधा हीच दोन्ही कामे करत असणार. म्हणून पुढच्या परिच्छेदांत ‘पट्टा’ आला, तर तो कमरेचा समजू नये.

वाफेवर चालणारे रस्त्यावरचे प्रत्येक वाहन मात्र ट्रॅक्शन इंजिन नव्हे. १८३०च्या दशकात वॉल्टर हॅनकॉक याने लंडनमध्ये चालवलेल्या वाफेच्या बसगाड्या उतारू स्वतःच्या अंगावर वाहून नेत, म्हणून त्यांना हा शब्द लागू होत नाही. माल स्वतःवर लादून नेणाऱ्या वाफेच्या लॉरीलाही काटेकोर बोलीत तो लावत नाहीत. ‘लोकोमोटिव्ह’ या शब्दानेही फसू नये. १८६५च्या ब्रिटिश कायद्याने ज्या ‘लोकोमोटिव्ह’ना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल अशी वेगमर्यादा घातली आणि ज्यांच्यापुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली, ती रुळांवरची नव्हे, रस्त्यावरचीच यंत्रे होती. त्या काळातील मजकुरात हा शब्द दिसला, की आधी रस्ता आहे की रूळ, हे पाहावे.

आता मराठीकडे वळू. वाफेची वाहने आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी ‘आगगाडी’ आणि ‘आगबोट’ असे दोन सुंदर शब्द घडवले. तिसरा, रस्त्यावरच्या वाहनासाठीचा शब्द मात्र रुळला नाही. या घराण्यातले जे यंत्र आपल्या लोकांच्या ओळखीचे झाले, ते रस्ता दाबणारे. अ‍ॅव्हलिंगच्याच कारखान्याचे स्टीमरोलर भारतातही आले. परंतु ‘रूळ’ या मराठी शब्दाला दाबण्याचा रूळ आणि आगगाडीचा रूळ असे दोन्ही अर्थ असल्याने ‘रुळाचे इंजिन’ म्हणणे घोटाळ्याचे ठरेल.

पारिभाषिक शब्द म्हणून ‘कर्षण-इंजिन’ मला मनापासून आवडतो. संस्कृतात ‘कृष्’ धातूची दोन रूपे आहेत: ‘कर्षति’ म्हणजे ओढतो आणि ‘कृषति’ म्हणजे नांगरतो. लीड्सच्या जॉन फाउलर याच्या इंजिनांत हे दोन्ही अर्थ एकत्र आले. शेताच्या दोन्ही कडांना एकेक इंजिन उभे करून, बाष्पकाखालच्या चक्रावर पोलादी दोर गुंडाळत, ती नांगर आळीपाळीने आपल्याकडे ओढून घेत. नांगरणे म्हणजे येथे अक्षरशः ओढणेच होते. ज्या ‘ट्रॅक्टर’ला आज प्रत्येक शेतकरी ओळखतो, तो शब्दही याच लॅटिन धातूपासून आला आहे.

तरीही कथेच्या ओघात ‘कर्षण’ जड होईल, हे मान्य करावे लागते. माझ्या मते लेखात किंवा संग्रहालयाच्या पाटीवर ‘कर्षण-इंजिन’ योजावे. कथेत पहिल्या उल्लेखाला अर्थ उलगडून सांगावा आणि पुढे नुसते ‘इंजिन’ म्हणावे. अनुवादकाचे वाक्य मी असे लिहीन: ‘मळणीयंत्र मागे जोडलेले ते वाफेचे ट्रॅक्शन इंजिन रस्ता सोडून शेतात वळले.’ ‘रस्ता’ आणि ‘मागे जोडलेले’ हे शब्द त्या वाक्यात राहिले, की आगगाडीचा भास होणार नाही.