गेममध्ये असं नव्हतंच!

प्रश्न: व्हिडिओ गेमवरून बनवलेली 'द लास्ट ऑफ अस' ही सिरीज बघतोय. मित्राने २०१३ चा मूळ गेम खेळलाय, तो तिसऱ्या एपिसोडवर जाम भडकलाय, म्हणतो बिल आणि फ्रँक या जोडप्याची स्टोरी पार बदलून टाकली. मला तर रडू आलं. कोणाचं बरोबर?

उत्तर: मित्र खोटं बोलत नाहीये. गेममध्ये फ्रँक जिवंत भेटतच नाही, मेलेलाच सापडतो आणि वर बिलवर राग काढणारी चिठ्ठी, सिरीजमध्ये मात्र दोघं शेवटपर्यंत एकत्र. पण गेममध्ये आपण जोएल, म्हणजे मुख्य पात्र, बनून खेळत असतो ना, त्यामुळे जोएल नसताना तिथे काय झालं हे दाखवायला फारशी जागाच नाही. तो स्ट्रॉबेरीचा सीन आठवा, फ्रँकने बिलची बंदूक देऊन बिया मिळवलेल्या आणि बिल स्ट्रॉबेरी खाऊन पोरासारखा खिदळतो, हे कंट्रोलर दाबून कसं खेळणार? आणि बदल करणारा कोणी परका नाही, गेम लिहिणारा नील ड्रकमनच सिरीजच्या दोन निर्मात्यांपैकी एक आहे. (गेममध्ये माणसांना बाधणाऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत असतात, म्हणून मास्क घालावा लागतो; पहिल्या सीझनमधून ते काढले ते मलाही खटकलं, मास्क काढायची भीतीच गेली.)

मित्राला दुसऱ्या सीझनचं मात्र काही विचारू नका, तो गेमच्या दुसऱ्या भागावर आहे, तोही त्याने खेळला असेल तर पुढची सगळी स्टोरी आधीच सांगून मोकळा होईल.