आलेखाआधी हद्द बघ

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. अमेरिकेतल्या त्या लहानशा महानगर क्षेत्राची तीस वर्षं तू एका रेषेत बसवलीस आणि खाली लिहिलंस, 'रोजगारात सातत्याने वाढ'. रेषा देखणी आहे. पण मध्येच एका वर्षी ती उडी मारते, तिथे तुला थांबावंसं का वाटलं नाही?

आकडे वेगवेगळ्या काळच्या अहवालांतून उचलून जोडलेले दिसतात. तिथली महानगर क्षेत्रं काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, जोडून ठरतात : किमान 50,000 वस्तीचा शहरी गाभा आणि रोजच्या कामासाठीच्या ये-जा करण्याने त्याला बांधलेल्या आसपासच्या काउंट्या. जनगणना झाली की यादी नव्याने होते. एखादी काउंटी आत आली की एकही नवी नोकरी न निघता आकडा फुगतो. तेव्हा आधी आजच्या हद्दीतल्या काउंट्या लिहून काढ आणि त्याच काउंट्यांच्या जुन्या आकड्यांची बेरीज कर. काम कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

कारखानदारीच्या ओळीवर तर मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो. नोकऱ्या घटल्या असं ठासून लिहिलं. नंतर कळलं, कारखान्यात माणसं तेवढीच होती, फक्त बरीचशी आता मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर होती. सरकारी वर्गीकरणात असा कामगार 'कारखानदारी'त नाही, 'व्यावसायिक सेवां'मध्ये मोजला जातो. माणूस त्याच यंत्रापाशी उभा, रकाना मात्र बदललेला! शिवाय 1997 साली नवं वर्गीकरण आलं तेव्हा वृत्तपत्र प्रकाशनही कारखानदारीतून उठून 'माहिती' क्षेत्रात गेलं.

बेरोजगारीच्या दरावर एवढा भर देऊ नकोस. तो दर माणूस राहतो तिथे मोजतात, नोकऱ्यांची संख्या काम जिथे आहे तिथे. आणि काम शोधणारा गाव सोडून गेला की इथला दर सुधारतो. ओहायोतलं यंगस्टाऊन आठव. 19 सप्टेंबर 1977 ला तिथला कॅम्पबेल पोलाद कारखाना बंद करायची घोषणा झाली, सुमारे 5,000 नोकऱ्यांवर गदा आली. 1930 मध्ये शहराची वस्ती 1,70,000 होती, 2020 मध्ये जेमतेम 60,000 उरली. अशा ठिकाणी दर खाली आला म्हणून पेढे वाटायचे का? दराशेजारी श्रमशक्तीचा, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या एकूण माणसांचा, आकडा नसेल तर मी तो परिच्छेद वाचणारच नाही.

सुरुवातीचं वर्षही जपून निवड. 2009 किंवा 2010 पासून मोजलंस तर जवळपास कुठलंही शहर भरभराटीत दिसेल, कारण ती मंदीची तळाची वर्षं. देशाचा रोजगारच 2008 च्या सुरुवातीच्या पातळीवर परतायला 2014 उजाडलं. एका तेजीच्या शिखराची तुलना दुसऱ्या तेजीच्या शिखराशी कर.

आणखी एक. काही उद्योगांचे रकाने तू शून्य धरलेस. तिथे शून्य नाही. लहान क्षेत्रात एखाद्या उद्योगात एकच मोठा मालक असला तर गोपनीयतेसाठी आकडा झाकतात. म्हणजे ज्या मालकावर अख्खं शहर तगून आहे, नेमका त्याचाच रकाना रिकामा असू शकतो! तिथे स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांना पर्याय नाही.

पुढचा मसुदा पाठवताना आलेख नसला तरी चालेल. काउंट्यांची यादी मात्र हवी.

तुझा,
सर