झोका आणि झोप

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. बारशाचा दिवस सोडला, तर तो कायम घोडियात, म्हणजे दोरीने झोके देण्याच्या कापडी झोळीच्या पाळण्यात, झोपला आहे. रात्री दर पाऊण-एक तासाने तो जागा होतो आणि कोणीतरी दोरी ओढेपर्यंत रडत राहतो. आता तो पालथा पडून कडा धरतो, म्हणून आम्ही कठड्याची कॉट आणली. पण तिच्यात पाठ टेकताच त्याचे डोळे उघडतात. वाढवून घेतलेली माझी रजा पुढच्या महिन्यात संपते आहे. सासूबाईंना एवढ्याशा पोराला गजांआड ठेवणे पसंत नाही. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मुलाची तक्रार कॉटबद्दल आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही, त्याची झोप दोरीला बांधलेली आहे. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण पन्नास ते साठ मिनिटांचे असते आणि त्याच्या शेवटी प्रत्येक मूल अर्धवट जागे होते. आपणही रात्री असे जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाला मात्र डोळे मिटताना जे होते ते जागेवर नाही, एवढेच कळते. तुम्ही लिहिलेला पाऊण-एक तासाचा हिशेब इथेच जुळतो.

बडोद्यातल्या मराठी घरांची गंमत अशी की, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ लाकडी पाळण्याखाली होते आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गुजराती घरासारखे घोडियुं टांगले जाते. त्यात दोष काढण्याचे कारण नाही; परंतु पालथे पडू लागलेल्या बाळाची झोप त्यात होऊ नये, याबद्दल मात्र मला शंका नाही. कापडाच्या खोलगट भागात बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो आणि पालथे पडल्यास नाक कापडात दबते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार झोपेची जागा सपाट व टणक असावी, तिचा उतार दहा अंशांहून अधिक नसावा आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे. तुमचे सहा महिने उलटले असले, तरी कॉट अजून तुमच्या पलंगाशेजारीच ठेवावी, असे मी सुचवीन. सासूबाईंच्या ‘गजांआड’चे अर्धे उत्तर त्यातच आहे.

सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करावी, कारण दिवसभराचा थकवा तेव्हा आपल्या बाजूने असतो. दुपारची शेवटची झोप पाचच्या पुढे लांबू देऊ नये. दूध पाजणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, दिवा मंद करणे आणि अंगाई हा क्रम रोज तोच ठेवावा. दूध आधी, म्हणजे पिता पिता झोप लागणार नाही. मग तो पेंगुळलेला, पण जागा असतानाच त्याला कॉटमध्ये ठेवावे. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवावे, आणि डोक्याखालचा हात लगेच न ओढता दुसरा तळवा छातीवर ठेवून थोडा वेळ थांबावे. डोके आधी टेकले की बाळाला पडल्यासारखे वाटते, आणि तुमच्याकडे डोळे उघडण्याचे हेही एक कारण असू शकेल. त्यानंतर थोपटा, तीन-चार दिवसांनी थोपटणे थांबवून नुसता हात ठेवा, मग नुसते शेजारी बसा.

‘रडू द्यावे का’ हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणारच. कुरकुर आणि रडणे यांत फरक आहे. कुरकुरीला दोन-तीन मिनिटे द्यावीत, कारण अनेकदा ती झोपेतच विरते. रडणे वाढले तर जवळ जावे, बोलावे, थोपटावे, गरज पडल्यास उचलून शांत करून पुन्हा ठेवावे. दार लावून रात्रभर रडू देण्याच्या मी बाजूचा नाही. रात्रीचे एखादे-दुसरे दूध या वयात अजून लागू शकते, ते तोडू नये. पहिल्या चार-पाच रात्री जड जातील. त्या तुमची रजा असतानाच उरकलेल्या बऱ्या.

कॉटमध्ये घट्ट बसणाऱ्या चादरीखेरीज काहीही नको. मोहरीची उशी, आजीची गोधडी, लोड, कापडी हत्ती हे सगळे बाहेर. घरी पिंजलेल्या कापसाची गादी मध्ये बसते, म्हणून ती वापरू नये. हाताने दाबून सोडल्यावर लगेच वर येते ती गादी योग्य. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट नको, गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आत असावे, आणि मूल बसू लागण्याच्या बेतात असल्याने गादी आत्ताच सर्वांत खालच्या पातळीवर घ्यावी. बडोद्याच्या उकाड्यात टोपडे-कुंची घालून झोपवू नये. मानेमागे हात लावून पाहावा, घाम असेल तर एक कपडा कमी करावा.

सासूबाईंना या बेतातून वगळू नका. अंगाई त्यांचीच राहू द्या, दिवसा कॉटच्या गजांआडून ‘बुवा कुक’ही त्यांनीच खेळावे, म्हणजे ती जागा बाळाला ओळखीची होईल. झोकेही बंद करायचे नाहीत. घरात संखेड्याचा झोपाळा असेल, तर संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून हवे तेवढे झोके घ्यावेत. फक्त अंथरुणावर जाण्याच्या अर्धा तास आधी खाली उतरावे.

ताप, सर्दी किंवा प्रवास असेल, तर हे सारे तेवढे दिवस थांबवून नंतर पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू करावे. झोपेत रोज घोरणे, श्वास थांबल्यासारखा वाटणे किंवा वजन न वाढणे यांपैकी काही दिसल्यास मात्र कॉटचा विचार बाजूला ठेवून बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.