एम.फार्मचा वर्षभराचा प्रोजेक्ट पुण्याजवळच्या औषध कंपनीत आहे. वेळ पुरेल का?

तुमची माहिती थोडक्यात अशी: एम.फार्म (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) चं पहिलं वर्ष झालंय. ऑगस्टपासून पुण्याजवळच्या एका फॉर्म्युलेशन (तयार औषधं बनवणाऱ्या) कंपनीच्या एडीएलमध्ये, म्हणजे अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट लॅबमध्ये, प्रोजेक्ट मिळालाय. विषय टॅब्लेटसाठी एचपीएलसी मेथड (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजायची पद्धत), तिचं व्हॅलिडेशन (ती भरवशाची आहे हे सिद्ध करणं) आणि स्टॅबिलिटी (औषध साठवणीत किती टिकतं). जूनमध्ये थीसिस द्यायचा आहे आणि वेळ पुरेल का, असं विचारताय.

पुरेल, पण आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करा. मेथड रात्री थांबून लवकर संपवता येते, व्हॅलिडेशन आठवड्यात उरकता येतं. स्टॅबिलिटीला मात्र घाई करता येत नाही. ४०° सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला अ‍ॅक्सिलरेटेडचे सहा महिने म्हणजे सहाच महिने. सहाव्या महिन्याचं सॅम्पल १५ मेपर्यंत बाहेर यायला हवं असेल, तर १५ नोव्हेंबरला ते चेंबरमध्ये (ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या कपाटात) गेलेलं पाहिजे. म्हणजे तुमच्या हातात ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढेच साडेतीन महिने आहेत, आणि त्यातले पहिले तीन-चार आठवडे इंडक्शन आणि एसओपी (कामाच्या लेखी कार्यपद्धती) वाचण्यात जातात. ते वाचन कंटाळवाणं वाटलं तरी ढकलू नका. ट्रेनिंग रेकॉर्डवर सही झाल्याशिवाय तुम्हाला इन्स्ट्रुमेंटला हात लावू देत नाहीत.

चार्ज करण्याआधी, म्हणजे सॅम्पल चेंबरमध्ये ठेवण्याआधी, टॅब्लेट मोजून घ्या, इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. एका वेळेला अ‍ॅसेला (औषधाचं प्रमाण मोजायला) २०, डिझोल्यूशनला (औषध विरघळण्याच्या चाचणीला) एस-३ या शेवटच्या टप्प्यापर्यंत जावं लागलं तर २४, हार्डनेसला १०, डिसइंटिग्रेशनला (गोळी फुटण्याच्या चाचणीला) ६. झाल्या ६०. १, २, ३ आणि ६ महिने अशा चार वेळा म्हणजे २४० टॅब्लेट. ३० च्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) बाटल्या असतील तर आठ, आणि दोन जादा ठेवा. प्रत्येक वेळेच्या बाटल्या वेगळ्या. एकच मोठी बाटली उघडून थोड्या काढायच्या आणि उरलेल्या परत चेंबरमध्ये ठेवायच्या, असं केलंत की आत ओल शिरते आणि पुढचे सगळे आकडे पॅकचे न राहता उघड्या बाटलीचे होतात. 'झिरो मंथ'चं अ‍ॅनालिसिस चार्ज करायच्या आसपासच करून टाका. ते नंतर करायला गेलात तर तुलना कशाशी करणार?

आता खरी अडचण. सॅम्पल चेंबरमध्ये गेली, पण मेथड स्टॅबिलिटी-इंडिकेटिंग आहे, म्हणजे औषध आणि ते बिघडून झालेले पदार्थ (डिग्रेडंट) वेगळे दाखवते, हे सिद्धच झालेलं नाही, असं फार वेळा होतं. मग तिसऱ्या महिन्यात अ‍ॅसे ९९ टक्के येतो आणि तो खरा आहे की डिग्रेडंट मुख्य पीकखाली (आलेखातल्या उंचवट्याखाली) दडलाय, हे सांगता येत नाही. म्हणून फोर्स्ड डिग्रेडेशन (औषध मुद्दाम बिघडवून बघणं) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा. ०.१ नॉर्मल अ‍ॅसिड, ०.१ नॉर्मल अल्कली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ६० ते ८० अंशांची उष्णता, आणि प्रकाश (आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू१बी मार्गदर्शिकेप्रमाणे किमान १२ लाख लक्स-तास आणि २०० वॅट-तास प्रति चौरस मीटर). ५ ते २० टक्के डिग्रेडेशन झालं की थांबा. औषध पुरतं फोडून टाकलं तर दिसणारे पीक प्रत्यक्षात कधीच न होणाऱ्या पदार्थांचे असू शकतात. अ‍ॅसिड आणि अल्कलीची सॅम्पल इंजेक्ट करण्याआधी न्यूट्रल करा. आणि प्रत्येक स्ट्रेसचा ब्लँक (औषध न घालता तेच मिश्रण) चालवा. पेरॉक्साइडचा स्वतःचा पीक सुरुवातीलाच, व्हॉइडजवळ येतो. ब्लँक नसेल तर तो डिग्रेडंट म्हणून थीसिसमध्ये जाऊन बसतो आणि व्हायव्हात एक्स्टर्नल नेमका तिथेच बोट ठेवतो. पीक प्युरिटी (पीकमध्ये एकच पदार्थ आहे ना) पीडीए डिटेक्टरवर बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. शिल्लक अ‍ॅसे आणि डिग्रेडंट्स यांची बेरीज १०० च्या जवळ येते का, हेही बघा.

बफरबद्दल (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाबद्दल) थोडं सविस्तर लिहितो, कारण मेथड इथेच फसतात आणि कारण शोधण्यात महिना जातो. लिटरला १.३६ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट घेतलं की १० मिलिमोलर होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याचा पीएच ४.५ ला आणून 'फॉस्फेट बफर' म्हणणं चूक आहे. फॉस्फेटचे पीकेए (ज्या पीएचला अ‍ॅसिड निम्मं आयनीकृत असतं तो आकडा) २.१ आणि ७.२ च्या आसपास आहेत, आणि बफर पीकेएच्या दोन्ही बाजूंना साधारण एक पीएच एवढ्यातच नीट काम करतं. ४.५ ला ते नावापुरतंच बफर असतं. मग आज रिटेन्शन टाइम (पीक यायला लागणारा वेळ) ६.२ मिनिटं, परवा नवीन मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) केली की ६.८, आणि दोष कॉलमला. ४.५ हवा असेल तर अ‍ॅसिटेट घ्या, त्याचा पीकेए ४.७६ आहे. मात्र २१० नॅनोमीटरला बघत असाल तर अ‍ॅसिटेट स्वतःच प्रकाश शोषतं, हे लक्षात ठेवा.

पीएच नेहमी पाण्याच्या भागाचा, ऑरगॅनिक घालण्याआधी सेट करायचा. मेथनॉल आणि बफर वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मोजून मग एकत्र करा. एकाच सिलिंडरमध्ये एक ओतून दुसऱ्याने खुणेपर्यंत भरलं, तर मिश्रण आकसतं आणि तुमचं ४०:६० खरं ४०:६० राहत नाही. ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, सॉनिकेट करा. दिवस संपल्यावर बफरवरून थेट ९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलवर जाऊ नका, फॉस्फेट कॉलममध्येच साका होऊन बसतं. आधी अर्धा तास ९०:१० पाणी-मेथनॉल, मग ऑरगॅनिक वाढवायचं. कॉलमच्या लॉगबुकात तुमचं नाव शेवटचं असेल तर प्रेशर वाढल्यावर विचारणा तुमच्याकडेच होते.

वजनाबाबत एकच. ५ मिग्रॅ स्टँडर्ड (तुलनेसाठीचं शुद्ध औषध) चार डेसिमलच्या बॅलन्सवर घेऊ नका. यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषध-मानकाच्या) चॅप्टर ४१ च्या हिशोबाने ०.१ मिग्रॅ वाचणाऱ्या बॅलन्सवर सर्वांत चांगल्या परिस्थितीतही किमान वजन ८२ मिग्रॅ येतं, ०.०१ मिग्रॅवाल्यावर ८.२, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुमच्या बॅलन्सचं किमान वजन कॅलिब्रेशनच्या रेकॉर्डमध्ये असतं, ते बघून स्टँडर्डची प्रिपरेशन ठरवा. स्टँडर्ड महाग असेल तर सुपरवायझरला सांगून पाच डेसिमलचा बॅलन्स वापरा.

व्हॅलिडेशनला वेळ कमी लागतो. लिनिअ‍ॅरिटीला किमान पाच पातळ्या, अ‍ॅक्युरसीला तीन पातळ्या प्रत्येकी तीन, प्रिसिजनला १०० टक्क्याला सहा. पण प्रोटोकॉलवर सह्या झाल्याशिवाय एकही इंजेक्शन मारू नका. आधी डेटा, मग प्रोटोकॉल हे ऑडिटमध्ये थेट ऑब्झर्व्हेशन ठरतं, आणि तुमच्याबरोबर तुमचा ग्रुप लीडरही अडकतो.

मला सर्वांत जास्त काळजी नोटबुकची वाटते. कॉलेजात आपण रफ पानावर लिहून नंतर फेअर करतो. इथे ते चालत नाही: जे घडलं ते घडलं त्याच क्षणी, नंबर घातलेल्या पानावर, पेनने. चुकलं तर एक आडवी रेघ, आधीचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनर नाही, तळहातावर किंवा टिश्यूवर वजन टिपणं नाही. बॅलन्सची स्लिप डकवली की सही अशी करा की अर्धी स्लिपवर आणि अर्धी पानावर येईल. थर्मल स्लिप काही महिन्यांत पांढरी पडते, म्हणून झेरॉक्स काढून तीही जोडा. आणि आकडा पटला नाही म्हणून सॅम्पल परत इंजेक्ट करून पहिला क्रोमॅटोग्राम (आलेख) 'ट्रायल' नावाने बाजूला ठेवू नका. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये तो कायम राहतो. आकडा वाईट आला तर लगेच सांगा. त्याची चौकशी होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवलेला आकडा मात्र तुमचं करिअर सुरू होण्याआधीच संपवू शकतो, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय.

गोपनीयतेचं पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, लेखी. मॉलिक्यूलचं नाव छापता येईल की त्याऐवजी 'एपीआय-एक्स' (एपीआय म्हणजे गोळीतलं मूळ औषध) लिहायचं, बॅच नंबर दाखवायचे का, क्रोमॅटोग्राम कॉलेजात नेता येतील का. थीसिसचा मसुदा कंपनीत दोन-तीन टेबलांवरून फिरतो, त्यासाठी तीन-चार आठवडे धरा. म्हणून १५ मेला शेवटचं सॅम्पल काढून जूनमध्ये थीसिस द्यायचा असेल, तर आधीची सगळी प्रकरणं एप्रिलमध्येच मंजुरीला द्या आणि सहा महिन्यांचा एकच तक्ता नंतर जोडा. काही कारणाने चार्जिंग जानेवारीपर्यंत लांबलं, तर गाइडशी बोलून सिनॉप्सिसमध्ये 'तीन महिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटेड अभ्यास' असं बदलून घ्या आणि त्या डेटावरून शेल्फ लाइफचा दावा करू नका.

राहण्याचं: खोली कॉलेजजवळ नको, कंपनीच्या बसच्या स्टॉपजवळ घ्या. कुरकुंभ एमआयडीसी असेल तर ती दौंड तालुक्यात, सोलापूर रोडवर आहे, तेव्हा हडपसरच्या बाजूला. चाकण असेल तर भोसरीच्या बाजूला. कॉट बेसिसवर घेताना मालकांना आधीच विचारा की पहाटे बाहेर पडलेलं आणि कधी रात्री उशिरा आलेलं चालेल का. डिझोल्यूशन प्रोफाइलच्या दिवशी शेवटची बस हमखास चुकते.

तुमच्या टॅब्लेटमधलं औषध बेसिक आहे की अ‍ॅसिडिक, आणि पीकेए किती, हे कंपनीच्या नियमांत बसत असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव नको. बफर कोणतं घ्यावं ते त्यावरून सांगता येईल.