वाचक विचारतात : सरांच्या माळ्यावरचे कागद

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांमागे घरात राहिलेल्या कागदांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी दिली आहेत.

म्हापसा : माझे काका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. ते गेल्यावर तीन लोखंडी कपाटं आणि माळ्यावरची नऊ खोकी आमच्याकडे आली. पत्रं एकीकडे, लेख एकीकडे, कात्रणं एकीकडे अशी लावायला घेतली आहेत. पद्धत बरोबर आहे ना?

नाही. आज जिथे आहात तिथेच थांबा.

‘बसभाडं’ लिहिलेल्या एका फाइलीत एक पत्र, दोन कात्रणं, हाताने मांडलेला तक्ता आणि सभेची नोटीस असेल, तर त्या पाच कागदांना एकत्र असल्यामुळेच अर्थ आहे. तक्ता काढून ‘आकडेवारी’च्या गठ्ठ्यात टाकलात, की त्यावर मथळा नसल्याने तो कसला हे कुणालाच कळणार नाही. पुराभिलेखात काम करणारे याला मूळ क्रम म्हणतात आणि तो मोडायला फार नाखूश असतात. काकांचा क्रम तुम्हाला पसारा वाटला तरी तो त्यांचा होता. जे गठ्ठे आधीच फोडलेत, ते कुठल्या खोक्यातून आले हे आठवतंय तोवर चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

आता प्रत्येक कप्प्याचा हात न लावता फोटो घ्या. मग कपाट, कप्पा, फाइल असा क्रमांक द्या. क२/३/०७ म्हणजे दुसऱ्या कपाटातल्या तिसऱ्या कप्प्यातली सातवी फाइल. वहीत चार रकाने पुरतात : क्रमांक, फाइलीवरची अक्षरं जशीच्या तशी (चुकीची असली तरी), पहिलं आणि शेवटचं साल, अंदाजे पानं. पानं मोजत बसू नका. नव्या ७५ जीएसएम कागदाची ५०० पानं म्हणजे ५ सेंटिमीटर; जुना, दुमडलेला गठ्ठा तेवढ्याच जाडीत साडेतीनशे-चारशेचा धरा. क्रमांक मागच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन नको आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्याही नकोत. चिठ्ठी निघते, डिंक राहतो.

बाहेर काढायचे ते फक्त घराचे चालू कागद : एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे, पोर्तुगीज काळातली एस्क्रितुरा (खत), इन्व्हेंतारचे (वारसांतल्या वाटणीचे) निकाल, पेन्शनचा आदेश, बँकेची पासबुकं. ते कुटुंबाचे आहेत, ग्रंथालयाला द्यायचे नाहीत. पण काढलेल्या जागी ‘येथील विक्रीखत घरच्या कपाटात’ अशी चिठ्ठी ठेवा. पहिला महिनाभर काहीही फेकू नका, कोरे दिसणारे कागददेखील. हिशेब बहुधा पाठीमागे असतो.

फोंडा : एक खोकं उघडलं तर कागदांवर काळे-हिरवे ठिपके, कडा कुरतडलेल्या. उन्हात घालावेत का? डांबरगोळ्या पुरतील का?

दोन्ही नकोत. उन्हाने कागद ठिसूळ होतो, शाई उडते. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही आणि त्यांचा वास खोलीत वावरणाऱ्यांनाच बाधतो. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर कडकडीत वाळलेला. ओल्या पाल्याने खोक्यात नवी ओल येते.

बुरशीला हवी ती दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की ती धरते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती कित्येक दिवस ८०च्या खाली उतरत नाही. म्हणून हे काम जुलैत काढूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. बुरशी लागलेलं खोकं इतरांपासून वेगळ्या खोलीत न्या. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. ठिपके कोरडे, भुरभुरीत असतील तर व्हरांड्यात बसून एक इंची मऊ ब्रशने आपल्यापासून दूर झटका. ओल्या कपड्याने किंवा जंतुनाशकाने पुसलंत, की डाग कागदात मुरतो. कागद ओलेच असतील तर दोन दिवसांच्या आत हालचाल हवी : दर दहा-पंधरा पानांमागे टीपकागद, तो भिजला की बदला, पंखा खोलीत फिरता ठेवा पण झोत कागदावर नको.

कुरतडण्यावरून कीड ओळखता येते. वरचा थर खरवडल्यासारखा, कडा वेड्यावाकड्या, डिंक चाटून नेलेला : कसर. आरपार गोल भोकं : भुंगेऱ्याची अळी. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तेव्हा आधी भिंतीचा आणि जमिनीचा बंदोबस्त, कागद नंतर. कसर आणि अळीवर घरचं फ्रीझर चालतं : फाइल पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाई केली तर थंड कागदावर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. थंडीने कीड मरते, बुरशी मात्र नुसती झोपते. फोटो आणि निगेटिव्ह फ्रीझरमध्ये नकोत.

लोखंडी कपाट पावसाळ्यात बंद ठेवलं की दमट हवा आतच कोंडते. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा, आत सिलिका जेल ठेवा. तिचा रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा वापरता येते. आर्द्रतामापक ४५ ते ५५ दाखवत असेल तर उत्तम. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, हे मात्र मुळीच एसी नसण्याहून वाईट, कारण त्या चढउतारातच ओल सुटते.

गंजलेली टाचणी ओढू नका. स्टेपलचे पाय मागून पातळ चपट्या पात्याने उघडा, खाली प्लास्टिकची पट्टी सरकवून. वाळून पिवळी पडलेली सेलोटेप आपणहून सुटली तर ठीक, नाहीतर राहू द्या. लॅमिनेशनविषयी चौघांनी विचारलं आहे. चौघांनाही उत्तर एकच : नको, ते परत काढता येत नाही.

खोकी घेताना एक गोष्ट हमखास चुकते. जुनी टिपणं फूलस्केपवर असतात, लांबी ३४३ मिलिमीटर. ए-फोर २९७चा. ए-फोरच्या खोक्यात फूलस्केप घातला की खालची बोटभर कड दुमडते आणि दहा वर्षांत तिथेच तुटते. खोकं आतून ३६० मिलिमीटर हवं.

मडगाव : शेकडो टिपणांवर आणि सायक्लोस्टाइल कागदांवर तारीखच नाही. शिवाय काही तक्त्यांत डॉलरचं चिन्ह आहे. सरांचा अमेरिकेशी काही संबंध नव्हता.

डॉलरपासून सुरू करू, कारण ही चूक सर्रास होते. ते डॉलर नव्हेत. पोर्तुगीज लिखाणात ते चिन्ह एस्कुद हे चलन आणि त्याचा शंभरावा भाग सेंताव्ह यांच्या मधे येतं : २५$५० म्हणजे साडेपंचवीस एस्कुद. हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम अशीही त्यांची रीत, म्हणजे १.२५० हे सव्वा नसून बाराशे पन्नास. ‘कोंतु’ आला तर हजार एस्कुद. त्याआधीच्या तक्त्यांत पोर्तुगीज रुपिया असेल, ज्याचे १६ टांग. १९५९ साली एस्कुद आला तो एका रुपियाला सहा या दराने, आणि १९६१च्या गोवामुक्तीनंतर भारतीय रुपया. तेव्हा १९५८, १९६० आणि १९६२ हे रकाने शेजारी मांडलेले दिसले तर तीन चलनं एका ओळीत असू शकतात. एकक कुठलं हे पेन्सिलीने चौकटी कंसात लिहा, मूळ आकड्याला हात लावू नका.

तारखेसाठी कागदच बोलतो. छापील पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. कॉलेजच्या कागदावर संलग्नता मुंबई विद्यापीठाची असेल तर तो बहुधा १९८५ च्या आधी छापलेला, कारण गोवा विद्यापीठ त्या साली झालं. ‘गोवा, दमण आणि दीव सरकार’ ही ओळ ३० मे १९८७ पर्यंतची. उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे दिसले तर त्यानंतरची. ₹ हे चिन्ह जुलै २०१० मधलं. एक सावधगिरी : छापलेले लेटरहेड संपेपर्यंत वापरायची आपली सवय. म्हणून लेटरहेड ‘याच्या आधी नाही’ एवढंच खात्रीने सांगतं. ‘याच्या नंतर नाही’ असं त्यावरून म्हणू नका. नोंद [१९८७ नंतर?] अशी, प्रश्नचिन्हासकट.

फॅक्सचे गुळगुळीत कागद सापडले तर ते आधी साध्या कागदावर झेरॉक्स करा. उष्णतेने उमटलेली ती अक्षरं काही वर्षांत उडतात. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

साखळी : वडील शिकवत अर्थशास्त्र, पण निवृत्तीनंतर ग्रामसभा, प्रादेशिक आराखडा, खाणी यांतच जास्त होते. छापील लेख जपून ठेवले आहेत. अर्ज-हरकतींची पोती काय करायची?

पोती आधी, लेख नंतर. छापील लेख कुठल्यातरी ग्रंथालयात मिळतोच. प्रादेशिक आराखडा २०११ वर (गोव्यातल्या जमिनीच्या वापराचा आराखडा) तुमच्या वाड्यातून गेलेली हरकत, तिच्या समासातला पेन्सिलीचा हिशेब आणि सह्यांचा कागद हे दुसरीकडे कुठेच नाही. तो आराखडा २००७ मध्ये मागे घेतला गेला. तो का गेला हे उद्या कुणी शोधू लागला तर वर्तमानपत्रं एक बाजू सांगतील, पोत्यातले कागद दुसरी. खाणींचंही तसंच. ऑक्टोबर २०१२ ची बंदी आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लिजेस रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्यांना मिळेल. ट्रक बंद झाल्यावर गावात कुणाचं किती कर्ज थकलं, याची वडिलांनी केलेली टिपणं असतील तर ती सोन्यासारखी.

माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश एकत्रच ठेवा, पाकिटासकट. पाकिटावरचा टपालाचा शिक्का उत्तर मुदतीत आलं की नाही ते सांगतो. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत हीच खरी प्रत. एकाच निवेदनाचे पाच मसुदे असतील तर पाचही ठेवा. कुठलं वाक्य कुणाच्या सांगण्यावरून गळलं ते त्यांतच दिसतं.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. समितीवर असताना घरी आलेली सरकारी मूळ फाइल (टिप्पणीची पानं, ओळीने पृष्ठांक, मूळ सह्या) ही कार्यालयाची. पत्र लावून परत करा आणि पोच घ्या. झेरॉक्स प्रती ठेवायला हरकत नाही. दुसरं, घरोघरच्या पाहणीचे भरलेले फॉर्म. त्यांत मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) नावं, उत्पन्न, भाटकाराशी (जमीनमालकाशी) असलेले वाद असतात, आणि माहिती गुप्त राहील असं सांगूनच ती घेतलेली असते. ते स्कॅन करून कुठेही चढवू नका. मात्र कोरा फॉर्म आणि संकेतांची यादी जरूर शोधा. ती नसेल तर ‘१, २, २, ९’ अशा रकान्यांचा अर्थ लागत नाही. ९ म्हणजे नऊ माणसं की ‘उत्तर नाही’?

परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि प्रबंधांवरचे गोपनीय अहवाल बाजूला काढून कॉलेजला किंवा विद्यापीठाला कळवा. ते घरचे नव्हेत.

डिचोली : चाळीसेक फ्लॉप्या आहेत. काही फाइली उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

साडेतीन इंची फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत बघा. ठिपके असतील तर ड्राइव्हमध्ये घालू नका, एकीची बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागून पुढच्या दहांचा घात होतो. कोपऱ्यातली खिडकी उघडी केली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. हे आधी करा. मग पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा (डिस्क इमेज, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब प्रत) काढा आणि फाइली त्या प्रतिमेतूनच उघडा. लोटसच्या (तक्त्यांच्या) .डब्ल्यूके१ आणि डीबेसच्या (डेटाबेसच्या) .डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर उघडतं. मराठीचा गोंधळ हा युनिकोडपूर्व फॉन्टचा, श्रीलिपी किंवा आकृती. फॉन्टचं नेमकं नाव टिपून ठेवा, त्यावरच रूपांतर अवलंबून. रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मूळ फाइल पुसू नका.

कागद स्कॅन करायचे तर मजकूर ३०० डीपीआय, पुसट कार्बनप्रत ४००, फोटो ६००. ए-फोरचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला कॉम्प्रेस न करता २६ एमबी होतं, हजार पानं २६ जीबी. डिस्क घ्यायच्या आधी हा गुणाकार करा.

पणजी : हे सगळं द्यायचं कुणाला, आणि लिहून काय घ्यायचं?

पणजीत पुराभिलेख खातं आहे, पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (मूळ १८३२ चं), ताळगाव पठारावर विद्यापीठाचं ग्रंथालय, पर्वरीत झेवियर इतिहास संशोधन केंद्र. विषय गोव्याबाहेरचा असेल तर पुण्याची गोखले संस्था. खोकी घेऊन दारात जाऊ नका, चार पानी यादी पाठवा. विचारा : संग्रह एकत्र राहील की विषयवार विखुरला जाईल? सूची कोण करणार? काही फाइली ठरावीक वर्षं बंद ठेवता येतील का? दुहेरी प्रती परत देणार की रद्दीत? पहिल्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसरीकडे विचारा.

जंगम वस्तूचं दान ताबा देऊन होतं, तरी दानपत्र लिहाच : दान की फक्त ठेव, कुठल्या फाइली कधीपर्यंत बंद, सोबत यादी. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. सरांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. ग्रंथालयाला तुम्ही तो देऊ शकत नाही. तसं दानपत्रातच नमूद करा.

रवानगी दिवाळीनंतर. पाचशे पानं म्हणजे सव्वादोन किलोच्या थोडं वर, म्हणून खोक्यात दीड हजारांहून जास्त भरू नका, तळ सुटतो. प्रत्येक खोक्यावर क्रमांक दोन बाजूंना, आणि पोचपावतीवर ‘कागदपत्रं मिळाली’ एवढंच नको, खोक्यांची संख्या आणि क्रमांक हवेत.